क्रॉफर्डचे धुराडे

शिकागो शहराचे नाव आपणां भगिनींना ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. १८९३ साली तेथे सर्वधर्मपरिषद भरली आणि स्वामीजींचे भाषण झाले, हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी त्या शहरात मोठे जागतिक प्रदर्शनही भरले होते. विजेच्या हजारो दिव्यांचा लखलखाट पाहून लोकांचे डोळे तेथे दिपून गेले. तेव्हापासून त्या शहराला विजेची जी भूक लागली ती वाढतच गेली, आणि ती भागविण्याकरिता भर वस्तीत मोठमोठी वीजघरे उभी राहिली. त्यांपैकी क्रॉफर्ड नावाच्या एका वीजघराची ही हकीकत आहे. वीजघर बंद कसे झाले हे बहुतेक ठिकाणी सांगतात. मला मात्र त्याचे पुढचे, म्हणजे उत्तरकार्य कसे झाले, ते सांगावयाचे आहे. आपल्या देशातही आता हा प्रश्न येऊ लागला आहे. दिल्लीचे बदरपूरचे कोळशाचे वीजघर २०१८ साली बंद झाले, आणि अशी आणखी पुष्कळ म्हातारी झाली आहेत.

शिकागोच्या नैर्ऋत्येस 'लिटल व्हिलेज' नावाची वस्ती आहे. तेथील लोक तिला स्पॅनिश भाषेत 'ला विलीता' म्हणतात. दोहोंचा अर्थ एकच, छोटे खेडे. पण खेडे कसले? सत्तर हजारांच्या आसपास माणसे तेथे दाटीवाटीने राहतात. प्रथम ही वस्ती बोहेमियाकडून, म्हणजे आजच्या चेक देशातून, आलेल्या मजुरांची होती. शिकागोचे महापौर आंतोन सरमॅक हे त्यांच्यातलेच. १९३३ साली रूझवेल्ट यांच्या शेजारी असताना त्यांना गोळी लागली व त्यातच त्यांचा अंत झाला. पुढे चेक कुटुंबे हळूहळू दुसरीकडे गेली आणि मेक्सिकोहून आलेले कष्टकरी येथे राहू लागले. सव्विसाव्या रस्त्यावर आता त्यांची मोठी बाजारपेठ आहे. तिच्या तोंडाशी स्वागताची कमान उभारलेली आहे, आणि मक्याची कणसे, फळे, मिठाया विकणारे फेरीवाले पदपथावर गाड्या लावतात.

या वस्तीच्या दक्षिण अंगाला एक मोठा कालवा वाहतो. १९०० साली तो खोदून पुरा झाला आणि त्याने शिकागो नदीचा प्रवाहच उलटा फिरविला. शहराची घाण पिण्याच्या पाण्याच्या सरोवरात जाऊ नये म्हणून ही युक्ती केली होती. सरोवर वाचले खरे. घाण मात्र दुसऱ्यांच्या दारावरून गेली. (स्वच्छतेच्या कामात असे पुष्कळदा होते. आपले अंगण झाडून केर शेजारणीच्या दारात लोटायचा, त्यातलाच हा प्रकार.) या कालव्याच्या काठी कॉमनवेल्थ एडिसन या वीज कंपनीने १९२४ साली क्रॉफर्डचे वीजघर बांधले. तेव्हा तिचे प्रमुख सॅम्युएल इन्सल होते. वीज स्वस्त करून घराघरांत पोहोचविणारा माणूस म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. शेजारच्या रस्त्याला त्या काळी क्रॉफर्ड हे नाव होते, त्यावरून वीजघराचे नाव पडले. रस्त्याचे नाव पुढे बदलून पुलास्की झाले तरी वीजघराचे बदलले नाही. याच्या आधी, १९०३ साली, जवळच्याच पिल्सन वस्तीत फिस्क नावाचे वीजघर सुरू झाले होते. या दोघांना लोक जुळ्या भावंडांप्रमाणे धरीत.

क्रॉफर्डची शेवटची दोन मोठी यंत्रे १९५८ व १९६१ साली बसविलेली होती. १९७० साली अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा मोठा कायदा झाला. नव्या वीजघरांनी धूर गाळण्याची यंत्रे बसवावीत, असे त्याने ठरविले. जुनी वीजघरे मात्र त्यातून वगळली. ती आता थोड्याच वर्षांची सोबती आहेत, आपोआप बंद होतील, असा त्यामागे हिशेब होता. झाले उलटेच. नवे वीजघर बांधले की खर्चाची यंत्रे लावा, जुने चालविले की काही नको, मग जुने कोण बंद करील? क्रॉफर्ड आणखी चाळीस वर्षे चालले. १९९९ साली ते मिडवेस्ट जनरेशन नावाच्या कंपनीने विकत घेतले. ही कंपनी आपली वीज घाऊक बाजारात विकी. म्हणजे वीज जाई दूर, आणि काजळी राही जवळ.

आता बायकांचा भाग येतो. १९९४ साली तेथील गॅरी नावाच्या प्राथमिक शाळेची दुरुस्ती निघाली. कामाच्या वेळी उडणाऱ्या धुळीचा व रंगांचा मुलांना त्रास होईल अशी आईबापांना धास्ती वाटली. ते एकत्र जमले आणि त्यांनी शाळेकडे विचारणा केली. त्या जमण्यातून एक संस्था उभी राहिली. तिचे नाव लांबलचक आहे. मराठीत सांगावयाचे तर 'लिटल व्हिलेज पर्यावरण न्याय संघटना'. मुलांच्या शाळेच्या दारात आपणही जमतो, दोन शब्द बोलतो आणि घरी येतो. या लोकांनी बोलणे तेवढ्यावर सोडले नाही, एवढाच काय तो फरक.

या संघटनेचे काम पुढे किंबर्ली वासरमन या बाईंनी हाती घेतले. त्याच वस्तीत वाढलेल्या या बाईंचे तान्हे मूल १९९८ च्या सुमारास दम्याने घुसमटू लागले. डॉक्टरांना कारण विचारता हवेतल्या घाणीकडे बोट गेले. मग बाई दारोदार फिरू लागल्या आणि प्रत्येक घरी विचारू लागल्या की तुमच्याकडे कोणाला दमा आहे का. उत्तर घरोघर 'आहे' असेच येऊ लागले. २००१ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी गणित मांडले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे क्रॉफर्ड व फिस्क या दोन वीजघरांच्या धुरामुळे दरवर्षी ४१ माणसे अकाली मरत, ५५० वेळा कोणाला तरी तातडीने इस्पितळात न्यावे लागे आणि २८०० वेळा दम्याचे झटके येत. आकडे कागदावर लहान दिसतात. ज्या आईने रात्री अडीच वाजता मुलाला मांडीवर बसवून श्वास मोजले असतील, तिला २८०० म्हणजे किती हे समजावून सांगावे लागणार नाही.

हा लढा दहा-बारा वर्षे चालला. वासरमनबाई बाहेरच्या लोकांना, पत्रकारांना, पुढाऱ्यांना वस्तीत घेऊन येत आणि कोठे काय विष साठले आहे ते पायी फिरून दाखवीत. देवदर्शनाला जत्रा निघते तशा या घाणीच्या दर्शनाच्या फेऱ्या. पिल्सनचे लोकही बरोबर आले. इतर मोठ्या संस्था आल्या. वीजघरांनी धूर कमी करावा असा ठराव नगरसभेत मांडला गेला. शेवटी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी महापौर राहम इमॅन्युएल यांच्या काळात कंपनीशी करार झाला, की फिस्क त्या वर्षाअखेर व क्रॉफर्ड २०१४ अखेर बंद करावे. प्रत्यक्षात दोन्हीही ऑगस्ट २०१२ मध्येच बंद पडली. बायकांच्या लढ्याइतकेच कंपनीच्या हिशेबाचेही त्यात अंग होते. धूर गाळण्याची यंत्रे आता घालावीच लागणार होती आणि त्यांना फार खर्च येणार होता. शिवाय नैसर्गिक वायू स्वस्त झाल्याने कोळशाच्या विजेला भाव उरला नव्हता. तथापि हिशेब लवकर व्हावा म्हणून पाटी-पेन्सिल समोर धरून कोण बसले होते, हे विसरता येत नाही. २०१३ साली वासरमनबाईंना या कामाबद्दल गोल्डमन पारितोषिक मिळाले. पर्यावरणाच्या कामासाठी जगात ते फार मानाचे समजतात.

बहुतेक लेख येथे संपतात. मला मात्र येथूनच सुरुवात करावीशी वाटते. चूल विझली म्हणजे स्वयंपाकघर आवरले असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. राख काढायची असते, काजळी खरवडायची असते, पोतेरे फिरवायचे असते. कोळशाच्या वीजघराची राख तर आपल्या चुलीच्या राखेसारखी भांडी घासण्याची नव्हे. कोळसा जमिनीतून येतो तेव्हा त्यात सोमल, शिसे, पारा असली द्रव्ये किंचित किंचित असतात. कोळसा जळून जातो, पारा बराचसा धुरावाटे जातो, आणि बाकीचे राखेत दाट होऊन उरते. जुन्या वीजघरात याशिवाय आणखी पुष्कळ असते. वाफेच्या नळांना गरम राखण्यासाठी गुंडाळलेला अ‍ॅस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू एकदा फुप्फुसात गेले की निघत नाहीत. लोखंडावर शिशाचा रंग असतो. विजेच्या जुन्या रोहित्रांत विषारी तेल असते. कोळशाचे ढीग वर्षानुवर्षे उघड्यावर पडलेले असतात आणि पावसाचे पाणी त्यांतून झिरपून मातीत जाते. म्हणून रीत अशी आहे की आधी अ‍ॅस्बेस्टॉस ओला करून हाताने काढायचा, तेल उपसायचे, मग इमारत उतरवायची, मग माती जागोजाग खणून तपासायची. जी फार बिघडली असेल ती उचलून न्यायची आणि उरलेलीवर स्वच्छ मातीचा किंवा फरशीचा थर घालायचा.

यात एक खुबी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जमीन किती स्वच्छ करायची याचे माप एक नसते. पुढे तेथे घरे होणार असतील, मुले मातीत खेळणार असतील, तर माप कडक. गुदाम किंवा कारखाना होणार असेल, तर माप सैल. इलिनॉय राज्याच्या नियमांत तशी दोन मापे आहेत. म्हणजे पुढे तेथे काय व्हायचे हे जो ठरवितो, तोच जागा किती झाडायची हेही ठरवितो. झाडू ज्याच्या हातात, त्याच्या मनात आले तेवढाच केर निघतो.

कडक मापाने काम होऊ शकते याचा दाखला त्याच वस्तीत होता. सेलोटेक्स नावाच्या कारखान्यात पूर्वी छपरावर घालण्याचे डांबरी पत्रे तयार होत. तो बंद पडल्यावर त्याच्या मातीत डांबराची विषारी द्रव्ये सापडली. पावसात ती शेजारच्या घरांच्या परसांतही गेली होती. त्या कामाचाही पिच्छा याच लोकांनी पुरविला. केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या देखरेखीखाली तेथील घाण हटविली गेली, वर स्वच्छ थर आला, शहराने जागा घेतली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सुमारे २२ एकरांचे 'ला विलीता पार्क' मुलांसाठी उघडले. या वस्तीत मोकळी जागा किती थोडी आहे हे पाहता बावीस एकर म्हणजे पर्वणीच. त्याला वर्षे मात्र पुष्कळ लागली.

क्रॉफर्डच्या जागेबद्दल २०१२ सालीच महापौरांनी एक मंडळ नेमले. त्यात वस्तीच्या लोकांनाही घेतले होते. पुढे काय व्हावे याची तत्त्वे लिहिली गेली. लोकांची स्वप्ने साधी होती. बारमाही बंदिस्त बाजार व्हावा, फेरीवाल्या बायाबापड्यांना स्वच्छ ओटे, गॅस व पाणी असलेले सामाईक स्वयंपाकघर मिळावे, थोडी हिरवळ असावी. आपल्या मंडळाने पापड-लोणच्यांसाठी जागा मागावी, तसेच हे मागणे. पण जागा खाजगी मालकीची होती आणि तत्त्वे कागदावरची. आधीची कंपनी दिवाळखोरीत गेली, मालक बदलला आणि शेवटी सुमारे ७० एकरांची ती जागा हिल्को नावाच्या कंपनीने घेतली. तिने तेथे दहा लाख चौरस फुटांचे गुदाम बांधण्याचे ठरविले. त्यासाठी १ कोटी ९७ लाख डॉलरांची करसवलतही तिला मिळाली. गुदाम म्हटले की मालमोटारी आल्या, आणि मालमोटारी म्हटल्या की डिझेलचा धूर आला. एक धूर बंद करण्यासाठी बारा वर्षे झगडलेल्या बायकांनी ही योजना ऐकली तेव्हा त्यांना काय वाटले असेल! त्यांनी विरोध केला, सभांतून बोलल्या, पण योजना मंजूर झाली.

पाडापाडीचे काम सुरू झाले. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे एक कामगार उंचावरून पडून मरण पावला. पुढे चारशे फुटांच्या जवळपास उंचीचे धुराडे उरले. ते वरून थोडेथोडे करून उतरवायचे की सुरुंग लावून एकदम पाडायचे, हा प्रश्न होता. उतरवायला वेळ व पैसा लागतो. सुरुंगाला क्षणभर पुरतो. कंपनीने सुरुंगाची परवानगी मागितली व शहराने ती दिली.

दिवस ठरला ११ एप्रिल २०२०, शनिवार, सकाळी आठची वेळ. हा दिवस ईस्टरच्या आदल्या दिवसाचा. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी घराघरांत जी गडबड असते तशी त्या ख्रिस्ती वस्तीत होती. त्यातून करोनाची साथ जोरात होती. २१ मार्चपासून राज्यात सर्वांना घरी बसण्याचा हुकूम होता. फुप्फुसांना धरणारा रोग दारात, मुलेमाणसे चोवीस तास घरात, आणि दवाखाने भरलेले. अशा वेळी जगात सगळी कामे थांबली होती, हे काम मात्र थांबले नाही. कित्येकांना आदल्या दिवसापर्यंत याचा पत्ता नव्हता. कित्येकांना तर ढग खिडकीशी आल्यावरच कळले.

सुरुंग उडाले, धुराडे एका अंगाला कलले आणि जमिनीवर आडवे कोसळले. त्यासरशी धुळीचा एक प्रचंड लोट उठला, आणि तो तेथेच खाली न बसता रस्ते ओलांडून वस्तीत शिरला. घरे, मोटारी, दोरीवरचे कपडे, मुलांची खेळणी, सर्वांवर थर बसला. त्या सकाळची चित्रे कोणीतरी उंचावरून टिपली. ती जगभर गेली. पांढरट तपकिरी ढगाखाली घरांची छपरे एकामागून एक बुडताना त्यांत दिसतात.

भगिनींनो, येथे एक गोष्ट आपल्यापैकी कोणीही सांगेल. मातीचे अंगण झाडायच्या आधी आपण पाणी शिंपडतो. सात वर्षांच्या मुलीलाही ते शिकवितो, कारण कोरडे झाडले तर केर निघत नाही, तो नुसता जागा बदलतो. धुराडे पडायच्या आधी, पडताना व पडल्यावर पाण्याच्या मोठ्या तोफांनी जागा चिंब करायची, असे तेथेही ठरलेले होते. ती पुरेशी भिजविली नाही, धूळ दाबण्याची व्यवस्था तोकडी पडली, हाच पुढे राज्याच्या महाधिवक्त्यांनी कोर्टात मुख्य आक्षेप घेतला. एवढे इंजिनियर, एवढ्या परवानग्या, करोडोंचे काम, आणि अडले ते सडा घालण्यात.

महापौर लोरी लाइटफूट यांनी काम थांबविण्याचा हुकूम दिला. कंपनीने क्षमा मागितली. वस्तीत तोंडाला बांधण्याचे मास्क वाटले. धुळीच्या नमुन्यांत अ‍ॅस्बेस्टॉस सापडला नाही, असे शहराने जाहीर केले. पण अ‍ॅस्बेस्टॉस नसला म्हणजे धूळ निर्धोक झाली असे नव्हे. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, आणि दमेकऱ्याला तेवढे पुरते. शहराने कंपनीला व तिच्या ठेकेदारांना मिळून ६८ हजार डॉलर दंड केला. करसवलतीचा आकडा वर दिलाच आहे. वाचकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. राज्याने जो दावा लावला होता तो नोव्हेंबर २०२० मध्ये ३ लाख ७० हजार डॉलरांवर मिटला, आणि ती रक्कम वस्तीतल्या लोकांच्या आरोग्याच्या कामी लावावी असे ठरले.

शहराच्या कारभारावर नजर ठेवणारे एक स्वतंत्र महानिरीक्षक तेथे असतात. त्यांनी चौकशी करून अहवाल लिहिला. पण तो पूर्ण स्वरूपात लोकांना मिळाला २०२३ साली, महापौर बदलल्यानंतर. एवढी धूळ उडेल असा इशारा शहराच्या अधिकाऱ्यांपुढे आधीच आलेला होता, हे त्यात उघड झाले. वस्तीचे लोक पहिल्या दिवसापासून म्हणत होते की हे होणार हे त्यांना ठाऊक असलेच पाहिजे. त्यांना खोडसाळ म्हणणाऱ्यांना तीन वर्षांनी कागदाने उत्तर दिले.

दरम्यान गुदाम उभे राहिले. २०२१ साली टार्गेट या मोठ्या दुकानदार कंपनीने ते भाड्याने घेऊन चालू केले. कित्येकांना तेथे काम मिळाले, हेही सांगितले पाहिजे. पोटापाण्याचा प्रश्न त्या वस्तीला लहान नाही. कोळशाचे ढीग होते त्या बाजूला आता लांबलचक सपाट छप्पर आहे आणि मालमोटारींची ये-जा आहे. वासरमनबाई व त्यांच्या सोबतिणींनी पुढे मोजण्यास घेतल्या त्या या मोटारी. चौकाच्या कोपऱ्यावर उभे राहून तासाला किती गेल्या ते वहीत टिपायचे, आणि ती वही घेऊन नगरसभेत जायचे.

रहिवाशांनी मिळून जो सामुदायिक दावा लावला होता त्यात १ कोटी २२ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड झाली आणि २०२४ साली ती कोर्टाने मान्य केली. त्या सकाळी जे त्या भागात राहत होते त्यांनी अर्ज भरून आपला वाटा घ्यावयाचा होता. अर्ज इंग्रजीत व स्पॅनिशमध्ये होते. म्हाताऱ्या बायकांना ते भरून देण्यासाठी शेजारणी त्यांच्या स्वयंपाकघरात बसल्या.